परक्या देशातला पहिला हिवाळा आणि घराची ओढ

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावातली पंचविशीची परिचारिका चार महिन्यांपूर्वी, ऐन गणपतीच्या तोंडावर, जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात एका रुग्णालयात रुजू झाली. भाषेची बी-२ परीक्षा ती उत्तीर्ण झाली आहे, पगार वेळेवर मिळतो, राहायला खोली आहे, कोणी त्रास देत नाही. तरीही कामावरून परतल्यावर तिला रडू आवरत नाही, अन्न गोड लागत नाही, आणि आईशी दिवसातून दोन-तीनदा व्हिडिओ कॉलवर बोलून झाले की जीव शांत होण्याऐवजी अधिकच कासावीस होतो. "सगळे ठीक असताना मलाच असे का होते आणि मी परत यावे का," असे तिने विचारले आहे.

मी रत्नागिरीत गेली २७ वर्षे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. कोकणातल्या माणसाला पोटासाठी घर सोडणे नवे नाही. आधी मुंबईच्या गिरण्या, मग बोटी, मग आखात आणि आता युरोप-कॅनडा असा हा प्रवास पिढ्यान् पिढ्या चालू आहे. त्यामुळे माझ्यासमोर घर सोडून गेलेली माणसेही बसतात आणि त्यांच्यामागे घरात राहिलेलीही. या दोघांकडून मी जे शिकलो ते तुम्हाला सविस्तर सांगतो.

तुम्हाला जे होते आहे त्याचे वैद्यकीय नाव तुम्ही राहता त्या राज्याच्या सीमेलगतच जन्माला आले. ऱ्हाइन नदीकाठच्या बाझल शहरात १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात घराच्या ओढीचा आजार म्हणून विचार केला. लोकांच्या तोंडी असलेल्या 'हाइमवे', म्हणजे घराचे दुखणे, या शब्दासाठी त्याने ग्रीक भाषेतले घरी परतणे आणि वेदना हे दोन शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द तयार केला. जुन्या दिवसांची गोड आठवण हा त्या शब्दाचा आजचा अर्थ पुष्कळ नंतरचा आहे. होफरने सांगितलेली कारणे आज कोणी मानत नाही, पण त्याने टिपलेली लक्षणे, म्हणजे उडालेली झोप, गेलेली भूक आणि मनात सतत घराचाच विचार, ही तुमच्या पत्रातल्यासारखीच आहेत. त्याने वर्णन केलेला एक रुग्ण बर्नहून बाझलला शिकायला आलेला विद्यार्थी होता. ही दोन शहरे एकमेकांपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर आहेत. म्हणून "मी फार हळवी आहे" हा स्वतःवरचा आरोप आधी मागे घ्या. परिचित माणसे, परिचित आवाज आणि परिचित दिनक्रम एकदम काढून घेतला की धडधाकट माणसालाही हे होते.

आता पुढचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'घराची आठवण येते' हे वाक्य म्हणजे बांधलेले गाठोडे आहे, आणि ते सोडल्याशिवाय उपाय सापडत नाही. काही वर्षांपूर्वी दापोलीकडचा एक स्वयंपाकी आखातातून सुट्टीवर आला असताना माझ्याकडे आला होता. त्याला मी एक वही दिली आणि परत गेल्यावर रोज, ज्या क्षणी आठवण दाटून येईल त्या क्षणी, वेळ आणि नेमके काय हवेसे वाटले ते लिहायला सांगितले. पहिले आठ दिवस त्याने फक्त 'घर', 'घर', 'घर' एवढेच लिहिले. नवव्या दिवशी लिहिले : "संध्याकाळी पाच. चहा घेणार काय, असे कोणी विचारले नाही." पुढच्या पानांवर पुन्हा पुन्हा तेच येत गेले. दिवसभर शेकडो माणसांना वाढणाऱ्या त्या माणसाला कोणी विचारणारे नव्हते. त्याने खोलीतल्या दोघांबरोबर पाचच्या चहाची पाळी लावली. दुखणे संपले नाही, पण निम्म्यावर आले. तुम्हीही तीन आठवडे अशी वही ठेवा आणि रोजच्या नोंदीशेजारी त्या दिवशीची कामाची पाळी, झोपेचे तास आणि उजेडात किती वेळ होता हेही लिहा.

तुमच्या गाठोड्यात काय काय असेल याचा अंदाज मी पत्रावरून बांधतो आहे. चुकला तर वही तो दुरुस्त करील.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरते आले आहे : "इकडे मला पेशंटला आंघोळ घालावी लागते." भारतात तुम्ही सलाइन लावत होता, औषधे देत होता, वॉर्ड सांभाळत होता. रुग्णाचे अंग पुसणे, त्याला भरवणे ही कामे आपल्याकडे बहुतेक नातेवाईक किंवा रुग्णालयातल्या मावशी करतात. जर्मनीत ती परिचारिकेच्या कामाचाच भाग मानली जातात, आणि शिवाय तुमच्या पदवीला तिथली पूर्ण मान्यता मिळेपर्यंत, म्हणजे ज्ञानपरीक्षा किंवा अनुकूलनाचा काळ पुरा होईपर्यंत, तुम्हाला साहाय्यक म्हणूनच राबावे लागते. ज्या हातांना काम येते त्यांना ते करू न देणे हा मोठा अपमान आहे आणि तो गिळून घरी आले की मन आपोआप जिथे आपल्याला किंमत होती त्या जागेकडे धावते. माझ्या अनुभवात घराची ओढ म्हणून सांगितलेल्या दुःखाचा बराच भाग या गमावलेल्या किमतीचा असतो. यावर आईचा फोन उपाय नाही. मान्यतेच्या परीक्षेची तारीख, तिच्या तयारीचे वेळापत्रक आणि वॉर्डातल्या एखाद्या वरिष्ठ परिचारिकेला "मला हे काम येते, तुमच्या देखरेखीखाली करू द्या" असे स्पष्ट विचारणे, हा उपाय आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. तुम्ही शिकलात ती पुस्तकी जर्मन, आणि वॉर्डातल्या म्हाताऱ्या आजी-आजोबांच्या तोंडी बहुधा श्वेबिश किंवा बाडेनची बोली असते. घरी मालवणी आणि शाळेत प्रमाण मराठी अशा दोन भाषांत तुम्ही वाढलात, त्यामुळे हा फरक तुम्हाला इतरांपेक्षा लवकर उमगेल. श्वेबिशमध्ये वस्तूच्या नावाला 'ले' जोडून तिला लहान आणि लाडकी करतात. हाउस म्हणजे घर, तर हॉइस्ले म्हणजे छोटेसे घर. वॉर्डातल्या एखाद्या आजींकडून रोज असा एक शब्द मागून घ्या. त्यांना शिकवण्याचा मान मिळेल आणि तुम्हाला त्या परक्या गावात पहिली नातेवाईक मिळेल. आठ तास परक्या भाषेत कान टवकारून काम केल्यावर येणारा थकवा खराखुरा असतो, हेही ध्यानात असू द्या. संध्याकाळचे रडू कित्येकदा नुसत्या दमणुकीचे असते आणि आधी अर्धा तास डोळे मिटून पडल्यावर त्यातले बरेच ओसरते.

तिसरी गोष्ट उजेडाची. डिसेंबरच्या अखेरीस तुमच्या भागात सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो. देवगडला त्याच दिवशी सव्वासहापर्यंत समुद्रावर ऊन असते. जन्मभर अकरा ते तेरा तासांच्या उजेडात वाढलेल्या शरीराला हा काळोख बाधतो. काहींना हिवाळ्यातले नैराश्य येते, ज्याचे वैद्यकीय वर्णन १९८४ साली नॉर्मन रोझेन्थल यांनी केले. सकाळची पाळी असेल तर दुपारी सुटल्याबरोबर खोलीवर न जाता अर्धा तास उघड्यावर चाला. दुपारची पाळी असेल तर आधी चाला. ढगाळ दिवशीचा बाहेरचा उजेडही खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट अधिक असतो. हिवाळ्यातल्या या नैराश्यावर १०,००० लक्सचा दिवा सकाळी अर्धा तास समोर ठेवण्याचा उपचार आहे, मात्र डोळ्यांचा आजार किंवा मनाच्या चढउतारांचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. रक्तातील ड जीवनसत्त्वही तपासून घ्या.

आता फोनविषयी. मी १९९० च्या दशकात दोन वर्षे इंग्लंडच्या उत्तर भागातील एका रुग्णालयात होतो. रविवारी सकाळी नाणी घेऊन फोनच्या डब्यात उभा राहायचो. तिकडे आमच्या वाडीत फोन एकाच घरात होता, आई अर्धा तास आधीच तिथे येऊन बसलेली असायची, आणि बोलणे सात-आठ मिनिटांत संपायचे. पण त्या मिनिटांसाठी दोघांकडेही आठवडाभराचे साठलेले असायचे. तो काळ चांगला होता असे मी मुळीच म्हणणार नाही. वडिलांना रुग्णालयात नेल्याचे मला पाच दिवसांनी कळले होते आणि ते मी अजून विसरलेलो नाही. तरी एक फरक मला स्पष्ट दिसतो. तुम्ही दिवसातून तीनदा आईला पाहता, तेव्हा सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते. मग "जेवलंस काय गो?" "होय." "काय जेवलंस?" "पाव." आणि दोघीही रडू लागता. आईच्या मागे पडवी दिसते, अंगणातला माड दिसतो, हात मात्र काचेला लागतो. अर्धे शरीर तिकडे, अर्धे इकडे, अशी तुमची ओढाताण होते.

आपल्याकडे तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपे, काढतात ते तुम्ही लहानपणापासून पाहिले असेल. राबातून रोप उपटताना त्याची मुळे तुटतातच, लावणीनंतर आठवडाभर ते पिवळे पडते, मान टाकते, आणि मग हळूहळू नवी मुळे धरून उभे राहते. चार महिन्यांचे तुमचे पिवळेपण मला त्यामुळे धोक्याचे वाटत नाही. पण उपटलेल्या तरव्याची जुडी बांधून कोणी बांधावरच ठेवली, तर ती राबातही नसते आणि चिखलातही नसते. दिवसाचे तीन कॉल म्हणजे ही बांधावरची जुडी आहे.

म्हणून कॉल बंद करू नका, त्याला वेळ नेमून द्या. हिवाळ्यात भारत जर्मनीपेक्षा साडेचार तास पुढे असतो. सकाळची पाळी करून, उजेडात चालून तुम्ही अडीचला खोलीवर पोहोचता तेव्हा देवगडात सात वाजलेले असतात, दिवेलागण होऊन गेलेली असते आणि आई रात्रीच्या जेवणाला लागण्याआधी थोडी मोकळी असते. आठवड्यातून चार दिवस ही वेळ ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटांत आटोपा. उरलेल्या दिवशी आवाजाचा निरोप पाठवा. उठल्या उठल्या आणि झोपण्यापूर्वी मात्र फोन नको, कारण त्या दोन वेळी मन सर्वांत उघडे असते आणि त्या वेळा नव्या जागेला मिळायला हव्यात. बोलताना आईला कामाला लावा. कुळथाच्या पिठीला फोडणी कशी द्यायची, काजीला मोहोर आला का, धाकट्याच्या परीक्षेचे काय, असे नेमके विचारा. नुसत्या खुशालीपेक्षा अशा बोलण्याने दोघींना बळ मिळते. आईला हे वेळापत्रक आधी समजावून सांगा, नाहीतर "चेडू बदललां", म्हणजे मुलगी बदलली, म्हणून ती तिकडे झुरत राहील.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९९ साली शोकाविषयी असे मांडले की माणूस कधी गमावलेल्याकडे वळतो, कधी पुढच्या आयुष्याच्या कामाकडे, आणि या येण्याजाण्यातूनच सावरतो. पुढे हाच विचार घराच्या ओढीलाही लावला गेला. मला तो पटतो. आठवण दाबून टाकणारे आणि आठवणीतच बसून राहणारे, असे दोघेही माझ्याकडे उशिरा बरे होतात. तुमच्या रडण्यालाही दिवसातला थोडा वेळ द्या, आणि तो संपला की तोंड धुऊन खाली उतरा.

खाली उतरून काय करायचे, तर एकाच जागी पुन्हा पुन्हा जायचे. रोज नवी ठिकाणे पाहत फिरण्याने फार काही साधत नाही. एकच बेकरी, आठवडी बाजारातला एकच भाजीवाला, ठरलेल्या वाराला ठरलेली वेळ. सहाव्या-सातव्या खेपेला तो माणूस तुम्हाला ओळखतो, आणि ओळखले जाणे हाच घराचा पहिला वासा आहे. जर्मनीत गावोगावी 'फेराइन' म्हणजे मंडळे असतात, गाण्याची, चालण्याची, खेळांची. 'फोल्क्सहोखशूले' ही सार्वजनिक प्रौढशिक्षणाची केंद्रेही असतात, जिथे कमी शुल्कात शिवणापासून पोहण्यापर्यंतचे वर्ग चालतात. जर्मन माणूस रस्त्यात गप्पा मारत नाही म्हणून तो कोरडा आहे असे ठरवू नका. त्याच्या मैत्रीची दारे बहुधा अशा मंडळांतून उघडतात. मराठी मंडळात जरूर जा, पण फक्त मराठी माणसांत राहिलात तर तिथेही एक बांधच तयार होतो.

जेवणाचे सांगायलाच हवे, कारण भूक गेली की मन सावरायला बळ उरत नाही. वासाची संवेदना मेंदूतील स्मृती आणि भावना यांच्या केंद्रांना इतर इंद्रियांपेक्षा अधिक थेट जोडलेली असते, म्हणून कालवणाचा वास क्षणात रडवतो आणि क्षणात आधारही देतो. तिथल्या बाजारात मिळणारा 'माक्रेले' हा आपल्या बांगड्याचाच नातलग आहे, थोडा अधिक तेलकट. चिनी किराणा दुकानातली सिचुआन मिरी ही तिरफळाच्या कुळातली आहे. वास हुबेहूब तोच नाही, पण नारळाच्या वाटणात टाकल्यावर नाक फसते. आईने घरचे तूप पाठवायचा हट्ट धरला तर नाही म्हणा, कारण दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपीय संघात खाजगी सामानातून नेता येत नाहीत. रविवारी एकदा खिडकी उघडी ठेवून माशांचे तिखले करा आणि शेजारच्या खोलीतल्या मुलीला आधी सांगून जेवायला बोलवा. बाकीच्या दिवशी साधी पेज पुरे, भात तर कुठेही मिळतो.

सणांचे दिवस आधीपासून कॅलेंडरवर लिहून ठेवा. गणपतीवरची माटी बांधायच्या आठवड्यात तुम्ही विमानात होता, म्हणून गणपतीची जखम अजून ओली आहे. आता महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा येईल, मग शिमगा येईल. त्या संध्याकाळी एकटे राहायचे नाही एवढे आजच ठरवा, मग पाळी मागून घ्या किंवा कोणाला घरी बोलवा. घरून आलेले पालखीचे चित्रीकरण रात्री एकटीने पाहण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलेले बरे.

हे सारे करतानाही एक सीमा ओळखायला हवी. घराच्या ओढीत काही तास बरे जातात, कोणी आले की हसू येते, कामात लक्ष लागते. सलग दोन आठवडे जवळजवळ दिवसभर मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली, पहाटे जाग येऊन झोप लागत नसली, वजन उतरू लागले किंवा जगणेच नको असे वाटू लागले, तर ते नैराश्य आहे आणि त्यावर उपचार आहेत. आधी तुमच्या कौटुंबिक डॉक्टरांकडे, म्हणजे 'हाउसआर्ट्स्ट'कडे जा. सरकारी आरोग्यविम्यात मानसोपचारांचा खर्च बसतो. मन फार खचलेल्या रात्री 'टेलेफोनझेलझोर्गे' या मदतवाहिनीच्या ०८०० १११ ० १११ या क्रमांकावर विनाशुल्क चोवीस तास बोलता येते, आणि जिवाला धोका वाटला तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर. इकडे आईला आधार लागला तर भारत सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

परत यावे का, याचे उत्तर मी आज देणार नाही आणि तुम्हीही देऊ नका. पहिल्या हिवाळ्यात, रात्री आणि फोन ठेवल्यानंतर घेतलेल्या निर्णयांवर माझा विश्वास नाही. मान्यतेची परीक्षा होऊन सहा महिने झाल्यानंतरची एक तारीख वहीत लिहा आणि त्या दिवशी हा प्रश्न उजेडात उघडा. मधल्या काळात करारपत्र नीट वाचून ठेवा, मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास काही रक्कम परत करावी लागते का ते पाहा, म्हणजे अडकल्याची भावना कमी होईल. जिथे पगार अडवला जातो, मारहाण होते किंवा मालक पासपोर्ट ताब्यात ठेवतो, तिथे मात्र वाट पाहायची नसते. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, आणि अशा वेळी सरळ दूतावास गाठावा. आखातातल्या आपल्या मुलांना मी हे पहिल्याच भेटीत सांगतो. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही. आणि पुढे त्या तारखेला तुम्ही परत यायचे ठरवलेत, तर सगळा विचार करून आलेली मुलगी म्हणून या. गावात लोक चार दिवस विचारतील आणि मग काजीच्या हंगामाला लागतील.

आज रात्रीपासून वही सुरू करा. तीन आठवड्यांनी ती पाने पाळ्यांच्या नोंदींसह माझ्याकडे पाठवा, मग पुढचे बोलू.